पावणेदोन तासांची दिल्ली

माझ्या धाकट्या बहिणीला दिल्लीला द्यायचं की देवगाव रंगारीला, हा प्रश्न मी एका दोऱ्याने सोडवला. दोरा साधा शिलाईचा होता, पांढरा. ऑफिसातल्या भिंतीवर देशाचा मोठा नकाशा होता, त्यावर मी तो औरंगाबादपासून दिल्लीपर्यंत ताणून धरला आणि नकाशाखाली दिलेल्या मापाला लावून पाहिला. हजार किलोमीटरला थोडा कमी भरला. विमानाचा वेग मला ठाऊक होता. भागाकार केला, चढायला-उतरायला पंधरा मिनिटं धरली, आणि उत्तर आलं पावणेदोन तास. भागाकार बरोबर होता. बाकी काहीच बरोबर नव्हतं, कारण त्या काळी औरंगाबादहून थेट दिल्लीला जाणारं विमानच नव्हतं.

मी विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका एजन्सीत कारकून होतो. स्टेशन रोडला एका लॉजच्या खाली दोन टेबलं, एक फोन, तो नकाशा आणि देशभरच्या विमानांच्या वेळा छापलेलं एक जाडजूड पुस्तक, एवढाच आमचा पसारा. तिकीट हाताने लिहायचं. कागदाखाली लाल कार्बन असायचा, त्यामुळे माझी बोटं कायम लाल. आमच्या वस्तीवरच्या बायका मला विचारायच्या, शहरात जाऊन मेंढरंच रंगवतोस का रे. मला त्यांचा राग यायचा. मी पँट घालून, सायकलवर, पुस्तक बघून काम करणारा माणूस होतो.

मी नोकरीला लागलो ते विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मुंबईत झाला त्याच वर्षी. तिकडे ठराव झाला आणि इकडे मराठवाडा पेटला. गावोगाव दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, कितीतरी कुटुंबं उठून शहरात आली आणि जमेल तिथं राहिली. आमच्या ऑफिसात हे सगळं फोनवरून यायचं. चिकलठाण्याच्या कारखान्यांत पुण्या-मुंबईचे इंजिनिअर येऊ लागले होते. ते विचारायचे, विमानतळाचा रस्ता चालू आहे का. मी चौकीत चौकशी करून सांगायचो, चालू आहे, किंवा आज गावातून नका येऊ, बाहेरून या. माझं काम तेवढंच होतं आणि ते मी चोख करत होतो. वस्तीवर लोक म्हणायचे, आपल्याला काय त्याचं, आपण मेंढरंवाले. मीही तेच म्हणायचो. आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हेही लिहायला हवं.

वस्ती पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्याला, डोंगराच्या कडेला. आई मी शाळेत असतानाच गेली. घरात आबा, मी आणि बहीण. बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. सातवीपर्यंत शिकली आणि मग घर, चूल, मागे राहिलेली कोकरं असं सगळं तिच्याकडे आलं. आबा दिवाळी झाली की कळप घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचा. अंतर त्याला किलोमीटरमध्ये सांगून कळत नसे. तो मुक्काम मोजायचा. पैठण दोन मुक्काम, शेवगाव चार मुक्काम. मेंढरं बरोबर नसली की हिशोब वेगळा, तो एकट्या माणसाचा मुक्काम.

आमच्यात एक रीत होती. सगळ्या धनगरांत होती असं मी म्हणत नाही, आमच्या भावकीत होती. ज्या गावी लेक द्यायची त्या गावची वाट बापाने आधी स्वतः चालून बघायची. पहाटे भाकरी बांधून निघायचं आणि दिवस मावळायच्या आत त्या घराच्या दारात पोचायचं. पोचला तर सोयरीक, वाटेत दिवस मावळला तर तिथूनच माघारी. एसटी असली तरी बसायचं नाही. मी एकदा आबाला विचारलं होतं, असं का. तो म्हणाला, "पोरगी रडली तर बापाला त्याच दिशी पोचता आलं पाह्यजे. एसटी काय, बंद पडती. पाय बंद पडत नायत."

बहिणीला दोन ठिकाणं आली. एक देवगाव रंगारीचं. घरची मेंढरं, चार एकर कोरडवाहू, माणसं ओळखीची. आबा रीतीप्रमाणे चालून आला. दिवस मावळता मावळता पोचला, म्हणजे जेमतेम बसलं. दुसरं ठिकाण कन्नड तालुक्यातल्याच एका घरचं, पण मुलगा आयटीआय झालेला, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीने त्याला दिल्लीला लागून असलेल्या फरिदाबादला आपल्या नव्या कारखान्यात पाठवलं होतं. क्वार्टर पक्कं, नळ घरात, दवाखाना कंपनीचा.

मला फिटर पसंत होता. मी आबाला म्हणालो, पोरगी जन्मभर कळपामागं पायपीट करणार का. आबा म्हणाला, "दिल्ली किती मुक्काम?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात तो दोरा ताणला. रात्री जेवताना आबाला सांगितलं, "देवगावला एसटीनं अडीच तास जातात, तेही एसटी पडेगावला थांबली तर. दिल्ली पावणेदोन तास. दिल्ली देवगावपेक्षा जवळ आहे, आबा."

बहीण भाकरी थापत होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही, मीही नाही.

आबा दोन दिवस मेंढरांमागेच होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "वाट दाखव मग."

विमानाची वाट दाखवायची कशी? पण मला माझ्या आकड्याचा इतका अभिमान होता की मी म्हणालो, चला. एका रविवारी सकाळी सायकलवर डबलसीट आबाला घेऊन चिकलठाण्याला गेलो. तेव्हा विमानतळाला तारेचं कुंपण होतं आणि बाहेर ज्वारीची रानं. बांधावरच्या एका बाभळीखाली आम्ही बसलो. बहिणीने भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, कारण वाट बघायची तर भाकरी लागतेच. आबाने काठी जमिनीत रोवली आणि तिची सावली जिथं पडली होती तिथं अंगठ्याने रेघ ओढली. माझ्या हातात घड्याळ होतं.

मुंबईहून आलेलं विमान उतरलं, थोडा वेळ उभं राहिलं आणि उत्तरेला उडालं. आबा मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला. मग कुठल्या अंगाला गेलं ते हाताने दाखवून माझ्याकडून खात्री करून घेतली. आणि आम्ही बसलो. बाप पोरीच्या सासरची वाट चालत होता आणि बाभळीखालून हललाही नव्हता, असा तो प्रकार. मला त्याचं हसू येत होतं, आणि आबाचं तोंड बघून हसवत नव्हतं.

"आता कुठं असंल?" त्याने विचारलं.

"तापी ओलांडली असेल."

"पाणी हाय का तिला या दिवसांत?"

"आहे."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी म्हणालो, आता नर्मदा. त्याला तिच्याही पाण्याची काळजी. नर्मदेनंतर मला खरं काय ते ठाऊक होतं. ते विमान उदयपूरला उतरणार होतं. तिथं अर्धा तास थांबून जयपूरला, आणि जयपूरहून दिल्लीला. पोचेपर्यंत चार तासांच्या वर होणार होते. हे सगळं आमच्या पुस्तकात छापलेलं होतं आणि मी रोज तेच लोकांना सांगत होतो. त्या दिवशी बापाला मी म्हणालो, "आता माळवा." आणि मग, "आता चंबळ." घड्याळात पावणेदोन तास झाले तेव्हा म्हणालो, "पोचलं."

आबाने काठीची सावली बघितली. रेघेपासून ती दीड वीत सरकली होती. त्याने दुसरी रेघ ओढली, दोन्ही रेघांमध्ये हाताची वीत ठेवून मापली, आणि उठला. "बसतंय," म्हणाला.

पुढच्या महिन्यात लग्न झालं. बहीण गेली ती रेल्वेने. मनमाडला गाडी बदलून, दीड दिवसाने दिल्ली, तिथून फरिदाबाद. नंतरच्या वर्षांत ती तीनदा आली, तीनही वेळा रेल्वेने. आबाने कधी म्हटलं नाही की फसवलंस. रेल्वे सावकाश चालते, निवांत यायचं तर माणसं रेल्वेने येतात, पण गरज पडली तर पावणेदोन तास, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. वस्तीवर कोणी विचारलं, लेक लई लांब दिली का, तर तो सांगायचा, "छ्या. देवगावच्या अलीकडं हाय."

वर्षं जात होती. वाळूजला कारखान्यांमागून कारखाने उभे राहिले, आमच्याकडे तिसरं टेबल आलं, दुसरा फोन आला. पडेगावच्या माळावर प्लॉटचे दगड लागले आणि आबाचा कळप निम्म्यावर आला. तो गंगथडीला जायचा बंद झाला. विद्यापीठाच्या नावाचं मात्र तसंच चाललेलं. मोर्चे निघायचे, सत्याग्रही हर्सूलच्या जेलात जाऊन यायचे आणि पुन्हा जायचे. मुंबई आमच्याकडून विमानाने पाऊण तास. मुंबईत झालेला तो ठराव विद्यापीठाच्या कमानीपर्यंत यायला सोळा वर्षं लागली, आणि आला तोही जुन्या नावाला नवं नाव जोडून आला. माझ्या धंद्यातल्या कुठल्याच पुस्तकात ते अंतर नव्हतं.

त्याच आठवड्यात, संक्रांतीच्या सुमाराला, ऑफिसात मेहुण्याचा फोन आला. बहिणीचे दोनदा दिवस राहून गेले होते, तिसऱ्या वेळी दिवस भरले होते. मेहुणा म्हणाला, मूल झालं, मुलगा होता, सकाळी गेला. मग म्हणाला, "ती रडत नाही, बोलत नाही. पाणी दिलं तर पिते, नाही दिलं तर मागत नाही. आबांना पाठवा."

मी सायकल काढून वस्तीवर आलो. आबाला सांगितलं. तो थोडा वेळ भिंतीला टेकून बसला. मग उठून खुंटीवरची घोंगडी काढली आणि म्हणाला, "सकाळी इमान हाय का?"

होतं. मालकांनी सवलतीत तिकीट काढून दिलं. रेल्वेने गेला असता तर उशिरा का होईना, तिसऱ्या दिवशी सकाळी नक्की पोचला असता, पण ते त्याला सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागलं असतं. मी ते मनातसुद्धा पूर्ण केलं नाही.

सकाळी शहर बंद होतं. रिक्षा नाही, बस नाही, सायकलवर दोघं दिसले की पोलीस अडवत होते. आम्ही पडेगावपासून चिकलठाण्यापर्यंत, अख्खं शहर आडवं, पायी गेलो. काही भागांत दुकानांना टाळी आणि काळे झेंडे. काही मोहल्ल्यांत रात्रभर फटाके उडालेले, माणसांच्या अंगावर निळा गुलाल, बायका दारात रांगोळ्या काढत होत्या. एका वळणावर एक म्हातारी ताटात पेढे घेऊन उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होती. तिने आबापुढे ताट धरलं. आबाने विचारलं, कशाचं. ती म्हणाली, "नाव मिळालं, बाबा. सोळा वर्सांनी."

आबा म्हणाला, "चांगलं झालं. पर मी लेकीकडं चाललोय. तिचं बाळ गेलं. आज गोड नको."

म्हातारीने ताट खाली ठेवलं, आत जाऊन तांब्या आणला आणि म्हणाली, "मग पाणी पिऊन जा." आबा घटाघट प्याला. मीही प्यालो. वस्तीवरून निघाल्यापासून आम्हाला कोणी काही विचारलं नव्हतं. तिनेच पहिल्यांदा विचारलं, कुठं दिली लेक. आबा म्हणाला, "दिल्लीला. जवळच हाय."

विमानतळावर काउंटरवरच्या माणसाशी माझी रोजची ओळख. मी त्याला सांगितलं, म्हातारा पहिल्यांदा चाललाय, दिल्लीला उतरवा. तो बरं म्हणाला, पण त्या दिवशी त्याच्यापुढे अडकलेल्या प्रवाशांची झुंबड होती. आबाजवळ एक गाठोडं, घोंगडी आणि मेहुण्याचा पत्ता लिहिलेला कागद होता. काठी आत नेऊ देईनात, ती त्याने माझ्याकडे दिली. हात मोकळा झाल्यावर तो जरा बावरला.

"पावणेदोन तास ना?" त्याने विचारलं.

ती वेळ होती. मला म्हणता आलं असतं, आबा, मधे दोनदा उतरतं, उठू नका, तिसऱ्यांदा उतरलं की दिल्ली. दोन वाक्यांचं काम. पण मग त्याने विचारलं असतं, बाभळीखाली तू काय सांगत होतास. मी म्हणालो, "हो. बसून राहा. दिल्ली आली की सांगतील."

तो आत गेला. मी कुंपणाशी थांबलोही नाही, ऑफिसात आलो.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला, आबा उतरले नाहीत. मी काउंटरला फोन लावला, त्यांनी पुढे लावला, मग निरोप आला. तुमचा माणूस उदयपूरला उतरून गेला. नाव पुकारलं, सापडला नाही, विमान पुढे गेलं.

काय झालं ते मला फोन ठेवायच्या आतच कळलं. त्याच्याजवळ काठी नव्हती, पण खिडकीतून ऊन येत असणार. सावली केवढी सरकली की दिल्ली, हे त्याला पाठ होतं. विमान उदयपूरला उतरून उभं राहिलं, आणि उभं असतानाच त्याचे पावणेदोन तास भरले. कोणी सांगायची त्याला गरजच नव्हती. त्याच्या पोराने आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढचे तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता. मी फोनपाशी बसून होतो. उदयपूरच्या पोलिसांना कळवलं, स्टेशनला कळवलं. इकडे गिऱ्हाईकं यायची आणि मी त्यांना वेळा सांगायचो, कारण तोंडाला ती सवय होती. मेहुण्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की बहीण बोलायला लागली. आबा हरवला हे कळल्यावर ती उठली आणि म्हणाली, मी शोधते. ओली बाळंतीण, जानेवारीतली दिल्लीची थंडी. एकदा विमानतळावर आणि दोनदा रेल्वे स्टेशनवर जाऊन आली. मेहुणा अडवायचा, तो कामावर गेला की ती निघायची. तिसऱ्या दिवशी तापाने पडली.

चौथ्या दिवशी सकाळी आबा क्वार्टरच्या दारात उभा राहिला. मेहुण्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसता हं म्हणालो.

तो कसा पोचला हे त्याने परत आल्यावर सांगितलं, तेही विचारलं तेवढंच. बाहेर पडल्यावर त्याने कागद दाखवला. लोक हसले, कोणी म्हणालं, बाबा, दिल्ली आगे है. किती आगे, ते त्यांच्या बोलीत त्याला उमगलं नाही. तेवढ्यात तेच विमान डोक्यावरून गेलं. त्याने ते ज्या अंगाला गेलं ती दिशा धरली आणि चालायला लागला. दिवस मावळेपर्यंत चालला. एका माळावर मेंढरं बसलेली दिसली तिथं गेला. ती माणसं त्याला भाकरी देऊन बोटांवर मुक्काम मोजत म्हणाली, इथून पायी महिना लागेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला मोटारीत बसवलं, मोटारीतून रेल्वे, मधे एकदा चुकीची रेल्वे, असं करत तो पोचला. "तिकडची मेंढरं उंच हायती," एवढं तो आपणहून म्हणाला.

बहीण महिनाभर अंथरुणाला होती. आबा तिच्याजवळ राहिला. त्यानंतर तिला मूल झालं नाही. त्या तीन दिवसांच्या थंडीचा आणि त्याचा संबंध आहे की नाही, डॉक्टरांनी काही सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आबा रेल्वेने परत आला. मी त्याला आणायला स्टेशनवर गेलो, त्याची काठी घेऊन. तो काठी घेऊन चालू लागला आणि पुलाखाली आल्यावर म्हणाला, "तू म्हणाला तेवढ्याच वेळानं मी उतरलो. दिल्लीच नव्हती तिथं."

मी म्हणालो, "विमान मधे थांबलं होतं, आबा."

तो म्हणाला, "व्हय का." आणि काठी टेकत चालत राहिला. पुढे नऊ वर्षं जगला. लेक कुठं दिली असं कोणी विचारलं तर दिल्लीला एवढंच सांगायचा.

मी त्याच एजन्सीतून निवृत्त झालो. हाताने लिहायची तिकिटं गेली, लाल कार्बन गेला, कॉम्प्युटर आला, आणि शेवटी लोक घरूनच तिकिटं काढू लागले तेव्हा एजन्सीही गेली. विमानतळाची नवी इमारत झाली. आणि दिल्लीला थेट विमान सुरू झालं. पहिल्यांदा मी त्याची वेळ बघितली तेव्हा हातातला चहा खाली ठेवला. उडाल्यापासून उतरेपर्यंत पावणेदोन तासांच्या आसपास. माझा दोरा पाच-दहा मिनिटांनीसुद्धा चुकला नव्हता. मला त्याचा आनंद झाला, आणि झाला म्हणून माझा मलाच राग आला.

त्या विमानाने बहीण आली, दोन वर्षांपूर्वी. मेहुणा निवृत्त होऊन गावी काही जमीन बघायला आधीच आला होता, ती एकटीच मागून आली. केस पांढरे झालेले, बोलण्यात अर्धी हिंदी, पण माझ्याशी बोलताना तिची भाषा आपोआप पडेगावची होते. मी तिला आणायला मुलाची गाडी घेऊन गेलो. गाडी रस्त्याला लागल्यावर मी म्हणालो, कारण मला इतक्या वर्षांनी ते एकदा म्हणून टाकायचं होतं, "बाय, तेव्हा थेट विमान नव्हतं. मी आबाला खोटं सांगितलं होतं."

ती खिडकीतून बघत होती. म्हणाली, "मला म्हाईत व्हतं."

"कधीपासून?"

"तुझे मेहुणे मला बघायला आले तेव्हापास्नं. मी त्यांना इचारलं, तुम्ही इमानानं येता-जाता का. ते हसले. म्हणाले, सरळ इमानच नाय, अन् असलं तरी फिटरला कोण बसवतंय, दीड दिवस रेल्वे. लग्नाच्या आधीच कळलं मला."

मी विचारलं, मग आबाला का नाही सांगितलं. ती सांगती तर आबाने त्याच क्षणी मोडलं असतं.

"मोडलं असतं," ती म्हणाली. "मंग देवगाव. अन् देवगाववाल्यांनी साटंलोटं मागितलं व्हतं ना. मी त्यांच्यात, त्यांची पोरगी तुला. तू चार दिस जेवला नव्हता, दादा. भाकरी ताटात तशीच ठिवून उठायचा. मला वाटलं, ह्याला नकोय तर ऱ्हाऊ दे. मीच जाते."

हे मी इतका वेळ लिहिलं नाही. नळ लिहिला, दवाखाना लिहिला, पायपीट लिहिली. देवगावच्या त्या मुलीला मी एकदा लांबून बघितलं होतं, कळपामागं, हातात काठी, आणि मला ती नको होती. ऑफिसात लाल बोटं घेऊन बसणाऱ्या माणसाला तशी बायको कशी शोभेल, असं वाटलं होतं. दोरा मी त्यासाठी ताणला होता. दिल्लीला नेमका कोण फिटर आहे याने मला काही फरक पडत नव्हता.

मी गाडी चालवत राहिलो. माफी मागावी असं वाटलं, पण कशाकशाची हे ठरेना. तीही काही मागत नव्हती. मग तिने एकच विचारलं.

"इमानाचं खोटं आबाला कळलं व्हतं का रं? डोळे मिटताना?"

"नाय," मी म्हणालो. मला ते ठाऊक नव्हतं. पण तिने विचारलं आणि मी लगेच, खात्रीने सांगून टाकलं, आणि तिने मान हलवून तेही ऐकून घेतलं.